तीनच महिने तर आहेत

मागच्या महिन्यात आमच्या सॉफ्टवेअरच्या टीमची मीटिंग होती, पवईच्या ऑफिसात, ज्या कॉन्फरन्स रूममध्ये एसी कायम गरजेपेक्षा जास्त थंड असतो तिथे. क्लायंट जर्मनीतला, त्याला तीन महिन्यांसाठी तिकडे येऊन राहणारी दोन माणसं हवी होती, सिस्टिम लाइव्ह जाऊन स्थिरस्थावर होईपर्यंत. मॅनेजरने दोन नावं मनात ठरवूनच आणली होती, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघं साधारण एकाच वयाचे, दोघांचीही लग्नं झालेली, आणि खरं सांगायचं तर त्या मॉड्यूलचं काम तिला जास्त येतं. मॅनेजर त्याच्याकडे वळून म्हणाला, "पासपोर्ट व्हॅलिड आहे ना रे तुझा?" आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "तू घरी विचारून सांग, घाई नाही, सोमवारपर्यंत कळव." झालं, पुढचा मुद्दा. कोणाला काही खटकलं नाही, तिलाही नाही बहुतेक, तिने मान डोलावून वहीत काहीतरी लिहून घेतलं. मीच आपली मशीनच्या चहाकडे बघत बसले, तो गार होईपर्यंत.

आता गंमत अशी की मला त्या माणसाचा राग पण धड येईना. माणूस चांगला आहे. रिलीजच्या रात्री बायकांच्या कॅब आधी लावून देतो, कोणाचं मूल आजारी असेल तर स्वतः कॉल घेतो. त्याने ते काळजीनेच म्हटलं. आणि काही वर्षांपूर्वी मला जेव्हा पहिल्यांदा विचारणा झाली तेव्हा हेच वाक्य मला जवळजवळ याच शब्दांत ऐकवलं गेलं होतं आणि तेव्हा मला ते चक्क आवडलं होतं, वाटलं, बघा किती समजून घेतात. महाराष्ट्राचा २०१७ चा जो दुकानं-आस्थापनांचा कायदा आहे त्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामाला थांबवायचं तर तिची संमती लागते असं आहे, एचआरवाले आमच्याकडून फॉर्म भरून घेतात. तिथे निदान संमती माझी विचारतात. विमानात बसायचं म्हटलं की ती घरची होते. त्या मुलाच्याही घरी बायको आहे, लहान मूल आहे, आईवडील आहेत. तिथे कोणी विचारायचं नाही का? विचारत असेलही तो, पण ते त्याचं त्याने बघायचं, मीटिंगमध्ये नाही.

माझ्या वेळी मी घरी विचारलं ते असं. नवरा म्हणाला, "अरे वा!" आणि मग जी एक छोटीशी गॅप गेली ना, अर्ध्या सेकंदाची, ती मला अजून आठवते, आणि मग, "म्हणजे नक्की किती?" मी म्हटलं, तीन महिने. "हां, तीनच महिने तर आहेत," असं तो स्वतःलाच म्हणाला. सासूबाई देवघरात फुलवाती करत होत्या, त्यांनी मान वर न करता विचारलं, "गणपती झाल्यावर आहे ना?" गणपती झाल्यावरच होतं, हे जणू मीच जमवून आणल्यासारखं मला बरं वाटलं. पोरगा तेव्हा दुसरीत, त्याचा प्रश्न एकच, तिथून लेगो आणणार का. आणि माझ्या आईला गोरेगावला फोन केला तर तिने काहीच विचारलं नाही. पोराचं काय, नवऱ्याचं जेवण काय, काहीच नाही. म्हणाली, "तू जा. मी येते मुलुंडला राहायला." एवढंच, आणि लगेच विषय बदलून दुधवाल्याबद्दल काहीतरी सांगायला लागली.

ती असं का म्हणाली ते मला नंतर विमानात सुचलं, जरा उशिराच. आई बँकेत होती. १९६९ ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढत गेल्या आणि पुढच्या काही वर्षांत गिरगाव-दादर-पार्ल्याच्या कितीतरी बी.कॉम. झालेल्या मुली काउंटरला लागल्या, त्यातली ती एक. फोर्टच्या शाखेत होती. परीक्षा देऊन ऑफिसर होता येत होतं, तिला ते जमलंही असतं, हिशोबाला तिच्यासारखी पक्की बाई मी बघितली नाही. पण ऑफिसर झालं की बदली, आणि बदली म्हणजे कुठेही, अकोला म्हणा, रायपूर म्हणा, नाही तर एखाद्या तालुक्याच्या गावची शाखा. तिच्या बॅचचे पुरुष गेले, खोली घेऊन राहिले, डबा लावला, वर चढत चढत मॅनेजर होऊन मुंबईत परत आले. बायकांनी मात्र 'प्रमोशन नको' असं लिहून दिलं. एकीने नाही, बहुतेक सगळ्यांनी. आई स्पेशल असिस्टंट म्हणून, म्हणजे क्लार्कच्याच श्रेणीत, रिटायर झाली आणि तिच्या निरोप समारंभात तिच्याहून ज्युनिअर माणसाने तिला नारळ दिला. तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. खरं म्हणजे कधी काही बोललीच नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण ती रोज संध्याकाळी घरी असायची हे मला आयतं मिळालं होतं.

तर बदलीची ऑनसाइट झाली, म्हणजे परदेशात क्लायंटकडे जाऊन काम, असं म्हणता येईल. अंतर वाढलं, मुदत कमी झाली. मला वाटतं सगळी मेख त्या मुदतीत आहे.

तीन महिने हा आकडा काही अंशी नियमांमुळे येतो, हे खरं. शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यापुढे वेगळा व्हिसा, वेगळे कागद. त्यातही साध्या बिझनेस व्हिसावर मीटिंगला बसता येतं पण काम करता येत नाही, म्हणून कंपनी आधी परमिटच्या मागे लागते. पण घराचा पण एक न लिहिलेला नियम असतो आणि तोही तीनच महिने म्हणतो. तीन महिने म्हणजे असा काळ की ज्यात घरात कोणालाच काही शिकायची गरज पडत नाही. भाजणी करून ठेवता येते, फ्रीजवर यादी चिकटवता येते, आईला आणून ठेवता येते, पोळ्यांना बाई लावता येते. सगळं तात्पुरतं. सहा महिने म्हटले असते तर कोणाला तरी कुकर लावायला शिकावं लागलं असतं.

जायच्या आधी जे काही ज्ञान मिळालं ते सगळं बायकांकडून. ऑफिसात जाऊन आलेल्या बायकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात कंपनीच्या पोर्टलवर कधीच सापडणार नाही अशी माहिती मिळते. कुकर इंडक्शनवर चालणाराच ने, साधा ॲल्युमिनियमचा तिथे तापणारच नाही. शिट्टी आणि रिंग एक्स्ट्रा ने. हिंग दोन पिशव्यांत गुंडाळ नाही तर सगळे कपडे हिंगाचे. नेहमीचे पॅड्स इथूनच ने, पहिल्या आठवड्यात दुकान शोधायला वेळ नसतो. रविवारी दुकानं बंद असतात, सीरियसली सगळी बंद, त्यामुळे शनिवारीच दूध-भाजी आणून ठेव. एकीने लिहिलं होतं, पहिले चार दिवस रडू येतं, पाचव्या दिवशी नाही येत, आणि मग त्याचंच टेन्शन येतं. मी त्यावर हसायची इमोजी टाकली होती.

मला जिथे ठेवलं होतं ते एश्बोर्न, फ्रँकफर्टच्या शेजारचं ऑफिसांचं गाव. संध्याकाळी सगळी माणसं गाडीत बसून निघून गेली की रस्त्यावर कोणी नाही. मुलुंड ईस्टला माझ्या खिडकीतून एका वेळेला रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या, कोणाचा तरी तबल्याचा क्लास आणि खालच्या मजल्यावरची सिरियल असं सगळं ऐकू येतं, त्या सवयीच्या कानाला ती शांतता पहिल्यांदा चक्क दुखली. फ्रिजचा आवाज ऐकू येतो हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वरणाला फोडणी दिली, मोहरी तडतडली आणि छतावरचा स्मोक अलार्म जो कोकलायला लागला, मी खुर्चीवर चढून पोळीच्या डब्याच्या झाकणाने त्याला वारा घालतेय, शेजारचा माणूस दारात येऊन उभा, अगदी सभ्यपणे. त्यानंतर फोडणी खिडकी उघडून, ऑक्टोबरच्या थंडीत, अंगात जॅकेट घालून. थंडीत जिऱ्याचा वास जास्त वेळ राहतो, असं आपलं मला वाटतं.

आणि ओटीपी. याबद्दल कोणी लिहीत नाही. माझ्या लक्षात आलं की आमच्या घराची सगळी कुलपं माझ्या मोबाईल नंबरवर आहेत. गॅसचं बुकिंग, शाळेचं ॲप, महावितरणचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, किराणा, सगळं. सकाळी सहाला एश्बोर्नमध्ये काळोख असताना फोन वाजायचा, मुलुंडला साडेनऊ वाजलेले, सिलेंडरवाला दारात उभा, "अगं तो कोड सांग ना लवकर, तो थांबत नाहीये." मी डोळे मिटलेल्या अवस्थेत आकडे वाचून दाखवायचे. चिडायचे, नाही असं नाही. नंबर बदलून घे म्हणून नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आता कुठे, तीनच महिने तर आहेत." बरोबरच होतं त्याचं. मलाही आतून कुठेतरी बरं वाटत होतं का, की अजून कोड माझ्याकडेच येतोय? वाटत असावं. ही गोष्ट मी फारशी कोणाला सांगत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे करतात. आपल्याला त्याची सवय नाही, मला वाटलं चला, एक तास जास्त झोप. पण साडेतीन तासांचा फरक साडेचार झाला. तोवर ऑफिस पाचला सुटलं की एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, बसून घरी फोन, तिकडे साडेआठ, पोराचं जेवण चाललेलं, मराठीच्या पुस्तकातली कविता म्हणून दाखवायचा. सोमवारपासून पाचला फोन केला की तिकडे साडेनऊ, तो झोपलेला किंवा झोपेला आलेला, हूं-हूं करणारा. मग मी चारच्या सुमाराला पॅन्ट्रीत जाऊन फोन करायला लागले, आणि जर्मन सहकारी समजायचे की ही रोज चारला कॉफी घेते. डिसेंबरात तर चार-साडेचारलाच बाहेर अंधार. दिवाळीचा फराळ आईने कुरिअर केला होता, चकल्यांचा पार चुरा होऊन आला, तो मी चमच्याने खाल्ला.

एवढं सगळं झाल्यावर जे सांगायचं ते सांगते. मला तिथे करमलं.

छान करमलं. त्या वेळी ४९ युरोचा महिन्याचा पास होता, अख्ख्या जर्मनीतल्या लोकल गाड्या, बस, ट्राम त्यात चालायच्या, फक्त फास्ट गाड्या नाहीत. युरोला तेव्हा नव्वदने गुणायचे, ती सवय पहिल्या पगारापर्यंत जात नाही, पण या पासाला गुणूनही तो मला स्वस्त वाटला. शनिवारी सकाळी उठायचं, ठरवायचं काही नाही, स्टेशनवर जाऊन गाडीत बसायचं. एकदा र्‍युडेसहाइमला गेले, गाडी ऱ्हाइन नदीच्या अगदी काठाने जाते, डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे, पानं पिवळी पडलेली. काठावरच्या बाकावर बसून मी बटाट्याचे गरम तळलेले तुकडे खाल्ले, कोणाला एक दे, कोणाला दोन दे असं न करता, अख्खा कागदी कोन. मग एका रेस्टॉरंटमध्ये एकटी जाऊन बसले. चाळिशीला टेकलेली बाई मी, पगार मिळवते, लोक सांभाळते, पण एकटीने टेबल मागून बसायची ही पहिलीच वेळ, वेटर "एक?" असं बोटाने विचारतो तेव्हा हो म्हणायला मला क्षणभर जड गेलं. मुंबईत एकटं असणं म्हणजे लेडीज डब्यात खिडकी मिळणं, बाकी वेळ कोणी ना कोणी असतंच. इथे कोणालाच माझ्याकडून काही नको होतं. संध्याकाळी जेवायला खाकरा आणि दही, उभ्या उभ्या, सिंकपाशी. तेवढ्यावर भागतं माणसाचं. आणि त्याच वेळी पोराचा कवितेचा व्हिडिओ आला की घशात काहीतरी अडकायचं, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच संध्याकाळी व्हायचं, आणि एकाने दुसरं कमी व्हायचं नाही.

परत आले तर लोकांना यातली फक्त दुसरी, घशात अडकणारी गोष्ट हवी होती. "बारीक झालीस गं, जेवणाचे हाल झाले असतील." "पोराला सोडून राहवलं तरी कसं?" "एकटीला भीती नाही वाटली?" सोसायटीतल्या काकू, चुलत नणंद, शाळेच्या गेटवरच्या आया, सगळ्यांना कस्टमच्या अधिकाऱ्याला दाखवावं तसं थोडं दुःख दाखवलं की मगच आत सोडतात. मी दाखवलं, होतंच माझ्याकडे. मात्र मुलुंडवरून कांजुरमार्गला जाणाऱ्या सकाळच्या स्लो लोकलमध्ये, लेडीज फर्स्ट क्लासमध्ये, आमच्याच ऑफिसची एक जण भेटली, नेदरलँड्सला जाऊन आलेली. तिने आधी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मस्त होतं ना?" भांडुप येईपर्यंत आम्ही दोघी मूर्खासारख्या हसत होतो.

ऑफिसात महिला दिनाला एक स्लाइड असते, त्यात आनंदीबाई जोशी असतातच. १८८३ ला एकटी अमेरिकेला गेलेली मुलगी, १८८६ ला डॉक्टर. स्लाइडवर पुढचं नसतं, की १८८७ च्या फेब्रुवारीत ती गेली, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आपल्याला गेलेली बाई आवडते, आणि तिने सोसलेलं असलं तर जास्तच आवडते, असा मला कधीकधी संशय येतो. रखमाबाई मात्र त्या स्लाइडवर कधी दिसत नाहीत. त्या तर आपल्या मुंबईच्याच. लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे जाणार नाही म्हणाल्या, त्याने १८८४ ला कोर्टात खेचलं, १८८७ ला कोर्टाने सांगितलं नांदायला जा नाही तर तुरुंगात जा, त्या म्हणाल्या तुरुंगात जाते. पुढच्या वर्षी तडजोड झाली, आणि १८८९ ला कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या मदतीने लंडनला गेल्या, १८९४ पर्यंत डॉक्टर झाल्या, मग सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं हॉस्पिटल चालवलं, नव्वदी पार करून गेल्या. त्यांना सासरी विचारून सांग म्हणायची सोयच उरली नव्हती. ते सगळं आधी मोडावं लागलं, गावभर बदनामी झाली, तेव्हा कुठे बोटीचं तिकीट. आमच्या पिढीला काहीच मोडावं लागत नाही. म्हणूनच बहुतेक काही बदलतही नाही.

कारण मी परत आले तेव्हा घर जसं ठेवून गेले तसंच होतं. यादी फ्रीजवर तशीच, मॅग्नेटखाली, कडा वळलेल्या. सिलेंडरचा कोड माझ्या फोनवर. आईने बॅग भरली आणि गोरेगावला गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुकर लावला. आमच्याच मजल्यावरचा एक जण दोन वर्षांसाठी अमेरिकेला गेला तेव्हा त्याचं अख्खं घर हललं होतं, बायकोने नोकरी सोडली, तिच्या एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामागून मिळणाऱ्या व्हिसावर काम करता येत नव्हतं, मुलांच्या शाळा बदलल्या, आईवडिलांना पुण्याला बहिणीकडे पाठवलं. मोठी पोस्टिंग असली की ती अशी घर ओढत नेते. मोठ्या पोस्टिंगला माझ्या माहितीतल्या बायकांना विचारतच नाहीत, आणि विचारलं तर त्या स्वतःच आधी नाही म्हणतात, म्हणजे आईच्या बॅचसारखं लिहून देतात. त्या दिवशी मीटिंगमध्ये मला जे टोचलं ते पासपोर्ट आणि घर एवढंच नव्हतं, हे मला आता लिहिताना कळतंय. तिने घरी विचारलं, घरचे हो म्हणाले, ती जाणार आहे, छानच. पण ती घरी जे विचारणार होती त्याचं उत्तर 'हो' येईल असाच आकडा आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी आधीच काढून ठेवला होता.

आता विचारणा मला आली आहे, परत एश्बोर्नची. या वेळी दोन वर्षं.

नवऱ्याने परत "म्हणजे नक्की किती?" विचारलं, आणि मग 'तर आहेत' काही पुढे आलं नाही. दोन दिवसांनी जेवताना म्हणाला, "मी काय करायचं तिथे?" मी म्हटलं, फॅमिलीचा परमिट असतो, त्यावर तुला नोकरी करता येते, मी वाचलंय. तो म्हणाला, "अगं पण मला भाषा कुठे येते, माझं इन्शुरन्सचं काम, क्लेमचे कागद मी जर्मनमध्ये वाचणार का?" हा खरा प्रश्न आहे, माझ्याकडे उत्तर नाही. सासूबाई म्हणाल्या पोराची शाळा बघा आधी. पोरगा म्हणतो लेगोलँड जर्मनीतच आहे ना. आणि आईला फोन केला, ती मेथी निवडत होती बहुतेक, म्हणाली, "दोन वर्षं असेल तर सगळेच जा की. मी काही या वेळी मुलुंडला यायची नाही, माझं फेब्रुवारीत गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आणि त्या वेळी माझ्याकडे कोण थांबणार ते तू आणि तुझा भाऊ मिळून ठरवा, तुझ्या एकटीच्या डायरीत लिहू नकोस." भावाला मी अजून फोन केलेला नाही. काल रात्री नवरा मॅक्सम्युलर भवनच्या जर्मनच्या कोर्सची फी बघत होता, शनिवार-रविवारच्या बॅचची. "बरीच आहे गं," म्हणाला. मग विचारलं, "ओटीपी कोणाच्या नंबरवर घेऊ?"

त्याच्याच, म्हटलं.